शालनचा राजा

मी अंबरनाथला गेले ती स्पर्धेतली पाचवी फेरी खेळायला, भूतबीत बघायला नव्हे. हे आधीच सांगते, म्हणजे म्हातारीला भास झाला असं कुणी म्हणायला नको. वाण्याच्या पुड्यांच्या कागदावर छापलेले डाव वाचून मी बुद्धिबळ शिकले. शिकवायला कुणी आलं नव्हतं.

माझ्या नणंदेला, शालनला, मात्र मीच शिकवलं. चामटोलीच्या घरी दुपारची भांडी झाली की पट मांडायचो. ती दरवेळी वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं आधी काढायची. "मधून काय, सगळेच येतात वहिनी," म्हणायची. बोटं मिशरीनं काळी, तशीच सोंगट्यांना लागायची.

शेवटच्या डावात तिचा हात राजाला नुसता लागला.

"चुकून लागला गं वहिनी..."

"हात लावला की हलवायचं!" मी ओरडले.

तिनं पट उधळला आणि रडत तिच्या घरी गेली. चौथ्या दिवशी ती वारल्याचा निरोप आला.

परवा अंबरनाथला पांढऱ्या सोंगट्या माझ्या वाट्याला आल्या. तिच्या आठवणीनं तेच प्यादं काढलं. समोर तेजस्वी, कॉलेजातली पोरगी. तेराव्या खेळीला माझ्या लक्षात आलं. पोरगी शालनबरोबरच्या त्या शेवटच्या डावातल्या माझ्याच खेळ्या खेळत होती, एकामागून एक. भर दुपारी, भरल्या हॉलमध्ये, मिशरीचा वास यायला लागला... मी दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले. शालन गेल्यापासून विचार करताना मी ते असेच ठेवते.

पांढरा राजा जागच्या जागी डुलला.

"आजी, टच-मूव्ह," तेजस्वी हळूच म्हणाली. "राजाला हात लागला तुमचा."

"माझा?"

"मग कोणाचा? मी बघितला ना..."

हात पदरातच होते. भांडले असते, पण नियम माझाच. राजा एक घर बाजूला घेतला. त्याच्यामागच्या हत्तीची वाट मोकळी झाली. तेजस्वीच्या राजाला शह! तीन खेळ्यांत मात.

"काय भारी खेळलात यार आजी!"

मला मान वर करवेना. ही खेळी मला त्या दुपारीही दिसली होती, ओरडून झाल्यावर. राजा हलवला असता तर शालन जिंकत होती. ती रडत होती, आणि मी गप्प बसले.

सोंगट्या नव्या, सकाळीच प्लास्टिक फोडून काढलेल्या. पिशवीत भरता भरता तेजस्वी थांबली आणि पांढरा राजा तिनं माझ्यापुढे धरला.

"आजी, हे काय लागलंय?"

त्याच्या डोक्यावर काळा अंगठा उमटला होता. ओला.