रणधीरच्या नावाची कॅसेट

"दादा, माज्या लेकराचं नाव कुणीतरी पुसलंय."

शिवकांतानं व्हिडिओ गेमची जुनी कॅसेट योगीराजच्या टेबलावर ठेवली. आठ वर्षांपूर्वी तापानं गेलेल्या रणधीरनं गेमात स्वतःच्या हातानं नाव लिहिलं होतं. रोज सकाळी ते टीव्हीवर बघितल्याशिवाय तिच्या घशाखाली चहा उतरत नसे. आज गेम लागला, पण नाव नव्हतं.

तेरखेड्याजवळच्या वाशीत अशा कॅसेटी साफ करणारा योगीराज एकटाच. स्पिरिटचा बोळा कॅसेटीच्या तोंडाशी असलेल्या धातूच्या दातांवरून फिरवायचा, एवढंच काम. खोलायची नाही, कारण आतल्या बटणाएवढ्या सेलवर ते नाव टिकून राहतं.

शिवकांताचा संशय सोनालीवर, पोटच्या पोरीवर. किती दिवस तेच बघत बसशील, असं ती कधीतरी बोलली होती. बाजूला उभ्या पोरीचे डोळे रडून सुजले होते. बाप तात्याराव तेरखेड्याच्या फटाका कारखान्यातून तसाच आलेला, खांद्यावर हात पुसायचा कामाचा गमजा. तो उंबऱ्यातच थांबला.

योगीराजनं भिंग लावलं. स्क्रूच्या खाचांत पिवळी चमक होती. नाव तर गेलंच होतं, म्हणून त्यानं कॅसेट खोलली. सेलभोवती चंदेरी पूड होती.

"सोनाली, घरातला पेचकस कसला?"

"लोखंडी."

"काल दुपारी घरी कोण होतं?"

"म्या कॉलेजात, आई बाजारात."

योगीराजला सगळं उमगलं, पण बोलायला जीभ रेटेना. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती, म्हणून बोलावंच लागलं.

"लोखंडानं पिवळं लागत न्हाय. हे पितळेनं खोललंय. ठिणगी पडू नये म्हणून पितळेची हत्यारं फटाक्याच्या कामात वापरतात. ही पूडही तिथलीच, ॲल्युमिनियमची. तिच्यातून वीज जाते, त्यानं सेल उतरला. काका, आतून कशानं पुसलं?"

"गमज्यानं." तात्यारावानं खांद्यावरचा गमजा काढून हातात घेतला. "काल दुपारी घरी आल्तो, मलाबी नाव बघायचं हुतं. लावलं तर पडद्यावर रेघाच रेघा. ही हंबरडा फोडंल म्हणून साफ कराया गेलो. पोरीवर आळ आला, तरी त्वांड उघडलं न्हाय म्या."

योगीराज हळूच म्हणाला, नवा सेल घालतो, नाव पुन्हा लिहिता येईल.

"त्ये त्यानं लिवल्यालं हुतं," शिवकांता म्हणाली. तिनं कॅसेटीला हात लावला नाही. ती सोनालीकडं वळली. "एक तर गेलंच. आन् जित्या लेकराला म्या सकाळपासनं चोर म्हणतीया."

 आईनं पुढं केलेला हात सोनालीनं बराच वेळ धरला नाही.