चुकून आलेले बारा लाख

हमालाची बायको जिना चढून आली आणि बसायच्या आधीच बोलायला लागली. परवा दुपारी तिच्या नवऱ्याला खुनाच्या आरोपावरून धरलं होतं. चौकीत त्याला इतकं बडवलं होतं, की ओठ सुजून त्याला धड बोलता येत नव्हतं.

वहिनींनी तिला पाणी दिलं. ही गुप्तहेर संस्था त्यांच्या नवऱ्याने काढलेली. तो गेल्यावर लोकांना वाटलं, आता पाटी उतरणार. वहिनींनी पाटी पुसली आणि पुन्हा लावली. धाकटे दीर, म्हणजे भावजी, गाडी चालवायचे, टिपणं काढायचे आणि दर वेळी भलत्याच माणसावर संशय घ्यायचे.

हमाल लाकडाच्या वखारीत कामाला होता. सहा महिन्यांपूर्वी तिथल्या मोठ्या करवतीने त्याचा उजवा हात कोपराच्या वरून उडवला. भरपाईचे बारा लाख मंजूर झाले. पण हमालाचं आणि करवत चालवणाऱ्या मिस्त्रीचं आडनाव एकच. वखारीच्या कारकुनाने यादीतली ओळ चुकवली आणि पैसे जाऊन पडले मिस्त्रीच्या खात्यात. हमाल वखारीत गेला आणि सगळ्यांदेखत मिस्त्रीला म्हणाला, की हात करवतीने खाल्ला, पैसे तू खाल्लेस तर डोकं फोडीन.

तीन दिवसांनी, जेवणाच्या सुट्टीत, मिस्त्रीचं डोकं खरंच फुटलं. पहारीचे चार घाव, मागून. हमाल त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला सापडला, रक्ताने न्हालेला.

"पण तो तिथे गेलाच कशाला?" वहिनींनी विचारलं.

"मिस्त्रींनीच सकाळी फोन केला होता. मागच्या फाटकाने ये, सुट्टीत दोघं बँकेत जाऊ, म्हणाले. पोलीस म्हणतात, मेलेल्याच्या नावावर काहीही खपवता येतं."

वखारीत रक्त प्यायलेला भुसा अजून तसाच होता, काळा आणि घट्ट. फौजदार जुन्या ओळखीचे. त्यांनी पंचनामा वाचायला दिला आणि भावजींनी तो वहीत उतरवला: अर्धा खाल्लेला डबा, मिस्त्रीच्या पिशवीत धुतलेला शर्ट, बँकेचं पासबुक, कंगवा.

कारकून रडकुंडीला आला होता. करवत कशी चालते ते त्यानेच दाखवलं. अपघातानंतर मालकाने नवी सोय केली होती: दोन हिरवी बटणं, दोन्ही हात पूर्ण पसरल्याशिवाय न पोचणारी. दोन्ही एकदम दाबायची, आणि पट्टा वेग घेईपर्यंत, दहा अंक मोजून होईस्तोवर, दाबून धरायची. एक जरी हात सुटला तरी करवत बंद. मालक त्या दिवशी परगावी होता; बाकी ही मेख करवतीवरच्या दोघांना आणि त्याला सोडून कोणाला ठाऊक नव्हती.

त्या दुपारी तो आणि आणखी चौघे पुढच्या खोलीत जेवत होते. मागून एक ओरडणं ऐकू आलं. तो उठणार, तेवढ्यात करवत सुरू झाली आणि पुढचं काही ऐकूच आलं नाही. त्याला वाटलं, भांडण मिटलं, काम लागलं. बऱ्याच वेळाने, करवत रिकामीच फिरतेय हे कळल्यावर, तो मागे गेला. पैसे परत आले नाहीत तर नोकरी जाणार, असं मालकाने त्याला बजावलं होतं. तो मिस्त्रीच्या रोज पाया पडत होता.

करवतीवरचा दुसरा माणूस म्हणजे मिस्त्रीचा मेव्हणा, बायकोचा थोरला भाऊ. कापलेल्या फळ्या पलीकडून ओढायचं काम त्याचं. राहायलाही बहिणीकडेच. रेड्यासारखी मान, आवाज मात्र मऊ. तो म्हणाला, भुसा अंगाला चावतो म्हणून सुट्टीत नळावर आंघोळ करत होता. गलका ऐकून तो ओल्या कपड्यांनीच धावत आला, आणि ते कारकुनानेही पाहिलं होतं.

"दाजी पैसे देणारच नव्हते," तो म्हणाला. "घरी चालून आलेली लक्ष्मी कोण माघारी पाठवतं?"

मिस्त्रीची बायको घरी भिंतीला टेकून बसली होती. भाऊ दारात उभा राहिला. नवरा काय म्हणत होता, असं विचारल्यावर तिने भावाकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "ते देणारच नव्हते. घरी चालून आलेली लक्ष्मी कोण माघारी पाठवतं?"

पाण्याचा पेला उचलताना तिची बाही सरकली. मनगटावर चार बोटं उमटली होती, लालभडक. वहिनींनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, नवरा मारायचा.

गाडीत बसल्यावर भावजींनी निकाल देऊन टाकला. "वहिनी, हा कारकूनच. चूक त्याची, खूनही त्याचाच."

"मिस्त्री मेल्यावर त्याचे पैसे परत कसे येणार हो, भावजी?" वहिनी म्हणाल्या. "त्याला मिस्त्री जिवंतच हवा होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्यांना वखारीत बोलावलं. फौजदारांनी हमालालाही आणलं. वहिनींनी त्याला करवत सुरू करायला सांगितली. त्याने डावं बटण दाबलं. उजवीकडे रिकामी बाही नुसती लोंबत राहिली. करवत हलली नाही.

"ओरडणं आधी ऐकू आलं, करवत नंतर सुरू झाली," वहिनी फौजदारांना म्हणाल्या. "म्हणजे पहिला घाव बसल्यावर, पुढचे घाव ऐकू जाऊ नयेत म्हणून कोणीतरी ती चालू केली. मिस्त्री तर जेवता जेवता पडला होता. ज्याने चालू केली त्याला दोन्ही हात आहेत आणि बटणं किती वेळ धरायची ते माहीत आहे. असे दोघेच. कारकून चौघांबरोबर जेवत होता."

मेव्हणा म्हणाला, की तो नळावर होता.

"होतात ना. अर्धा दिवस भुशात काढायचा बाकी असताना, कपड्यांसकट आंघोळ. भुसा नव्हता तो, रक्त होतं." वहिनींचा आवाज चढला नव्हता. "दाजी पैसे देणार नव्हते म्हणता. मग करवतीवर येणाऱ्या माणसाने पासबुक आणि धुतलेला शर्ट कशाला आणला? हमाल खरं बोलतो, ते बँकेतच जाणार होते. तुमची बहीण मात्र तुमचंच वाक्य शब्दाला शब्द बोलली. आणि मनगटावरचे वळ लाल होते. मार जुना झाला की वळ काळानिळा पडतो. नवरा जाऊन तेव्हा दोन दिवस झाले होते. काल तिला मारायला घरात एकच माणूस होता."

मेव्हण्याने कोपऱ्यातली दुसरी पहार उचलली ती वहिनींवर नाही, बहिणीवर. भावजी मध्ये पडले. खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. हमालाने एका हातानेच मेव्हण्याचा गळा धरला आणि त्याला भुशात दाबला. फौजदारांनी ओढून काढलं नसतं तर तिथे दुसरा खून झाला असता.

मग बायको बोलली. त्या दिवशी सकाळी नवरा तिला म्हणाला होता, माझ्या करवतीवर त्याचा हात गेला, त्याचे पैसे घेऊन मला झोप कशी येईल. दादा आतल्या खोलीत जागाच होता. त्याने वखारीत समजावून पाहिलं. मिस्त्रीने ऐकलं नाही आणि डबा उघडला. खरं सांगितलंस तर तुलाही करवतीखाली घालीन, अशी धमकी तिला तीन रात्री मिळत होती.

चौकीतून बाहेर आल्यावर तिने वहिनींना विचारलं, "आता ते नाहीत. कायद्याने मला पैसे द्यावेच लागतील का? माझ्याकडे दुसरं काहीच नाही हो."

"द्यावे लागतील," वहिनी म्हणाल्या. "चुकून आलेले पैसे आपले होत नाहीत, मेल्यावर वारसाचेही होत नाहीत. तुम्ही नाही म्हणालात तर कोर्टात वर्षं जातील, एवढंच."

मग वारसाचे कागद कुठे करायचे, ते तिने विचारून घेतलं.

महिन्याभराने वारसाचे कागद हातात आले आणि ती बँकेत गेली. हमालाची बायको बाकावर तिच्या शेजारी बसली होती. बारा लाख हमालाच्या खात्यावर वळवायची पहिली स्लिप खाडाखोड होऊन खराब झाली. दुसरी तिने सावकाश भरली, सही केली आणि खिडकीतून आत सरकवली.

बाहेर पडल्यावर ती एकटीच घराच्या दिशेने चालायला लागली. हमालाची बायको दहा पावलं मागे होती. तिने पुढे होऊन तिचं मनगट नाही, पिशवी धरली आणि म्हणाली, "आमच्याकडे चल. दोन घास खा आणि मग जा."