डावखुरी घडी

स्वतःचा हातरुमाल कधी धुतला नाही आणि निघाला जगाच्या कपड्यांवर बोलायला. मुलाबद्दल मालकीणबाईंची ही तक्रार जुनी होती. लाँड्री घरचीच, त्यामुळे साहेबांचे सदरे आपोआप कडक होऊन कपाटात जात. साहेब मात्र आठवडाभर फळीला कागद लावून दारोदार फिरत होते. रस्त्यावर बुरख्याला बंदी हवी, खाली सही करा.

बाई बोलत, पण बोलण्यात जीव नव्हता. मालक जाऊन आठ महिने झाले होते. रडू आलं नव्हतं. तोंडात घास फिरायचा, चव लागायची नाही. दिवसातला एकच तास त्यांना जाणवायचा, दुपारचा एक ते दोन. तेव्हा मागच्या खोलीत इस्त्रीवाली तिच्या फोनवर ‘राखेची राणी’ ही परदेशी मालिका लावायची. उडते घोडे, बोलकी झाडं, आणि डोक्यापासून पायापर्यंत काळ्या वस्त्रातली एक राणी, कपाळाला राख. पडद्याच्या तळाशी येणारी भाषांतराची अक्षरं बाईंना वाचता येत नसत. इस्त्रीवाली वाचून सांगायची.

त्या दिवशी सकाळी नऊला नवा भाग आला होता. दोघींनी तो एक वाजता लावला. दोन वाजता इस्त्रीवाली डोळे पुसत कामाला गेली आणि लगेच परत आली.

“बाई, माझा बुरखा खुंटीवर नाही.”

रोज आल्यावर ती बुरखा बोळातल्या खुंटीला टांगायची, डोक्याला रुमाल बांधून काम करायची आणि सहाला तो घालून घरी जायची. आज खुंटी रिकामी होती. बोळ शोधून झाला, धुण्याची खोली झाली. नाहीच.

“आजच्या दिवस दुसरं काही घालून जाशील?”

ती पुढे इस्त्रीच्या खोलीत टेबलाशी जाऊन बसली. सासूने कामाला सोडलं होतं ते या एका बोलीवर. तशीच घरी गेली तर उद्यापासून घरीच. म्हणाली, “सासूचं सोडा, बाई. मलाच जमणार नाही. बिनबुरख्याची मी कधी रस्त्यावर पाऊलच टाकलेलं नाही.”

बाईंनी घड्याळ पाहिलं. चार तास होते. ही गेली की एक ते दोनही गेला. भीती वाटायला हवी होती, वाटली नाही. त्या नुसत्या उठल्या. उठताना टेबलावरच्या इस्त्रीला हात लागला. चटका बसला.

“जेवणाच्या सुट्टीत चालू ठेवली होतीस?”

“नाही बाई. बटण बंद करूनच आले होते.”

बुरखा शोधायला बाई वरच्या माळ्यावर गेल्या. तिथे कपडे वाळत. कोपऱ्यात जुनी कोळशाची इस्त्री होती, वीज गेली तर असावी म्हणून ठेवलेली. तिच्यातली राख परवापासून कुणी झटकली नव्हती. आज त्या राखेत बोटांचे ओरखडे होते.

खाली गल्ल्यावर सून होती. ‘राखेची राणी’साठी जीव टाकणारी. राणीच्या वेशातले फोटो पाठवायची स्पर्धा होती आणि आज शेवटचा दिवस. दोन दिवसांपूर्वी हिनेच म्हटलं होतं, असं काळं लांब काही मिळालं तर काय बहार येईल.

“सुट्टीत कुठे होतीस?”

“इथेच, आई. जागची हलले नाही. गठ्ठे बांधले, प्रत्येकावर चिठ्ठी लावली, गिऱ्हाईकं पाहिली. विचारा कुणालाही.”

“सहीच्या कागदावर पहिलं नाव तुझं आहे म्हणे.”

“तिच्याच भल्यासाठी. आत गुदमरत असेल बिचारी.”

“तिला विचारलंस?”

“त्यात विचारायचं काय?”

बाई माघारी वळल्या. पडद्यावर झाकलेली बाई दिसली की हिच्या डोळ्यांना धार, आणि गल्लीत दिसली की हातात पेन. पण दुपारभर गिऱ्हाईकं येत होती, हे खरं होतं.

पाचला मुलगा आला. फळी गल्ल्यावर टाकली. नऊपासून सह्यांसाठी वणवण चाललीय, म्हणाला. बाई फक्त दोन इयत्ता शिकलेल्या, पण कोरा कागद कोरा दिसायला शाळा लागत नाही. वरचा, आजचा कागद कोरा होता.

बुरख्याचं ऐकून त्याने खांदे उडवले. गेला तर बरंच झालं, कायदा आला की तसाही जाणारच आहे.

“तुम्हीच फेकला असणार,” सून म्हणाली.

“समजा फेकला. मग?”

हे तो इतक्या सहज म्हणाला की बाईंनी मान वर केली. खरा चोर आळ असा पदरात घेत नाही. तेवढ्यात तो बायकोकडे वळला. “नाहीतर हिने ढापला असेल. राणी व्हायचंय ना. पोरकट मालिका. घोडा मरतो म्हणून ती तोंडावरचं कापड वर करते, त्यात रडण्यासारखं काय आहे?”

“अहो, सांगू नका हो. आजचा भाग मी अजून पाहिला नाहीये.”

बाई मांडणीकडे गेल्या. तयार गठ्ठे ओळीने लागले होते, प्रत्येकावर सुनेच्या हातची चिठ्ठी. तळाच्या फळीवर, मागच्या बाजूला, एक बिनचिठ्ठीचा होता. त्यांनी कागद सोडला. काळं कापड. उलट्या बाजूने, ओला पंचा ठेवून इस्त्री केलेली, म्हणून कुठे चकाकी नाही. आणि घडी. त्यांच्या दुकानातली प्रत्येक घडी उजवीकडून डावीकडे जायची. ही डावीकडून उजवीकडे गेली होती.

मालक डावखुरे होते.

बाईंचा हात बराच वेळ त्या घडीवर राहिला. मग त्यांनी हाक मारून तिघांना इस्त्रीच्या टेबलाशी बोलावलं. साडेपाच वाजले होते.

“हा मांडणीत मिळाला,” त्या म्हणाल्या. “सूनबाई, तू चिठ्ठीशिवाय गठ्ठा ठेवत नाहीस, आणि तू गल्ल्यावरून हललीच नाहीस. बाहेरच्या माणसाने काळं कापड सरळ बाजूने इस्त्री करून चमकवलं असतं. म्हणजे माणूस घरचा. सुट्टीत ही इस्त्री कुणीतरी तापवली. त्याआधी कुणीतरी माळ्यावरची राख घेतली. राख कोण लावतं कपाळाला?”

बाईंनी मुलाकडे पाहिलं.

“आजचा भाग नऊला आला. आम्ही दोघींनी एकला पाहिला. हिने पाहिला नाही. मग घोडा मेला हे सह्या गोळा करणाऱ्याला कुठून कळलं? आजच्या कागदावर सही एकही नाही. सकाळी खोलीचं दार लावून मालिका पाहिलीस. एकला हा बुरखा घालून माळ्यावर फोटो काढलास. राख सांडली, ती पुसलीस, इस्त्री केलीस. आम्ही उठल्याची चाहूल लागली आणि गठ्ठा मागच्या बाजूने मांडणीत कोंबलास. आणि ही घडी या दुकानात एकालाच येते. त्याच्या बापाने हात धरून शिकवली होती.”

मुलगा जमिनीकडे बघत होता. कानामागे राखेचा पट्टा अजून होता.

“परत टांगणारच होतो,” तो पुटपुटला. “मग बघतो तर इस्त्रीवाली खुंटीपाशीच उभी. कुणाला कळलं असतं तर सह्यांच्या मंडळींनी...”

इस्त्रीवालीने बुरखा उचलला, उलटसुलट पाहिला, अंगावर चढवला. तोंडावरचं कापड तेवढं मागे ठेवलं.

“उन्हाळ्यात मी पण याला शिव्या घालते, दादा,” ती म्हणाली. “काढायचा झाला तर मी काढीन. फोटो दाखवा.”

त्याने निमूट फोन पुढे केला.

“राख आडवी असते. तुम्ही उभी लावलीत.”

ती कापड खाली ओढून निघाली. दारात थांबून म्हणाली, “बाई, उद्या एकला.”

ती गेल्यावर मालकीणबाईंनी फळी उचलून मुलाच्या हातात दिली.

“बुरखा मलाही आवडत नाही. तुझी मिशीही आवडत नाही, म्हणून वस्तरा घेऊन आले का कधी? चोर म्हणवून घ्यायला तुला लाज वाटली नाही, राणी आवडते म्हणायला वाटली. उद्यापासून एकला आमच्यासोबत बसायचं, दार उघडं टाकून. येईल त्या मंडळींना बघू दे. आणि काळ्या कपड्यांची इस्त्री यापुढे तुझी. बापाची घडी तेवढी उचललीस. बाकीचं त्याच्याबरोबर गेलं.”