नामदेवची मूठ

वाशीच्या त्या लकव्याच्या सेंटरात एसी असा काही लावलेला, की गोजरानं पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला. समोर पलंगावर नामदेव, तिचा नवरा. डोक्यात रक्त साकळलं तेव्हापासून मानेखाली नुसतं लाकूड. वाचा गेली, श्वाससुद्धा गळ्याला भोक पाडून बसवलेल्या नळीतून. आज त्याच्या डोक्यावर तारांची टोपी होती आणि उजव्या हाताला चिकटपट्ट्या. मेंदूनं हुकूम सोडला की पडद्यावरची वरची रेघ उसळणार, हुकूम हाताला पोचला की खालची. खालची उसळली तरच व्यायामासाठी भरती करून घेणार होते. नाहीतर घरी न्या, आणि बघत बसा.

गोजरानं देव पाण्यात घातले होते. सकाळीच तळवलीच्या गावदेवीच्या पायांवर उजवा हात ठेवून म्हणाली होती, "आई, यो माजा हात त्यांना दे. पन त्यांना हालव."

"काका, मूठ आवळा," मशीनवर बसलेला अभिराम म्हणाला.

वरची रेघ उसळली. खालची मेल्यासारखी पडून. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच.

"पट्ट्या खराब झाल्या वाटतं. काकी, जरा तुमच्या हातावर लावून बघतो. आधी काका आवळतील, तेव्हा हात एकदम ढिला सोडा; मग तुम्ही आवळा." पट्ट्या गोजराच्या उजव्या हातावर आल्या. "हां काका, आवळा."

दोन्ही रेघा उसळल्या.

"काकी, तुम्ही नका ना आवळू."

"मी काय करत नाय, बाला."

तिनं खाली पाहिलं. तिची मूठ वळलेली होती.

मशीनचाच काहीतरी लोच्या, असं म्हणत अभिरामनं टोपी उतरवली. कागदावर मात्र लिहिलं, हुकूम हातापर्यंत पोचत नाही.

लेकाच्या, हितेशच्या गाडीत गोजरा मागे नवऱ्याला खांद्याचा टेका देऊन बसली. मांडीवर तिचा डावा तळवा उताणा पडलेला, आणि उजवा अंगठा त्यावर तंबाखू मळत होता. शेवटी दोन थापट्या. अगदी नामदेवची सवय. जन्मात तिनं तंबाखूला बोट लावलं नव्हतं. घाबरली, पण त्याहून जास्त सुखावली. बुडत्याला काडीचा आधार.

"अवो, तुमीच ना?"

नामदेवनं 'हो' म्हणायचं तसे डोळे मिटून उघडले.

घरी आल्यावर ती रोजच्यासारखी त्याच्या गळ्याची नळी पुसायला बसली. उजवा हात नळीवर गेला आणि बोटं आवळली. डाव्या हातानं तिनं एकेक बोट सोडवलं. नामदेव तिच्याकडे बघत होता. नजरेत राग नव्हता, विनवणी होती.



"नाय. मना एकटीला टाकून नाय जायाचा."

त्यानं नजर तिच्या हाताकडे वळवली.

ती ताडकन उठली, तसा उजव्या हाताला हिसका बसला; तो तिनं पदराआड दाबला. "जागृती, यांच्याजवल बस गो," सुनेला हाक मारली आणि तिची ओ यायच्या आत अनवाणी देवळाकडे पळाली.

"आई, नवस माघारी घे. माजा हात मना दे."

नमस्काराला डावा हात छातीशी आला.

उजवा आला नाही.

पदराआड त्याची मूठ वळलेली होती. तिनं डाव्या हातानं एकेक बोट उघडलं.

आत नळी होती. अजून कोमट.