स्पिरिट सुकेपर्यंत

ईश्वरीने शर्टाची वरची बटणं स्वतःच सोडली आणि छातीत बसवलेल्या नळीचं टोक बाहेर काढलं.

"आजी आल्या का?" तिने विचारलं.

"आल्या, आल्या," तेजल सिस्टर म्हणाली आणि तिने करडे मोजे हातांत चढवले. त्यांवर निर्जंतुक मोज्यांचा दुसरा जोड.

दाराशी उभ्या असलेल्या हेमांगीला ते 'आल्या' खटकलं. तिची आई, एस्तेर भांबळ, गेल्या नाताळाच्या आधी गेली होती. या मुलीने तिला पाहिलंही नव्हतं. हेमांगीला मूल नव्हतं, त्यामुळे आईला आजी म्हणणारं घरात कुणीच नव्हतं. इथे मात्र वॉर्डभर नातवंडं होती.

मिरजेतल्या त्या रुग्णालयात, कर्करोग झालेल्या मुलांच्या वॉर्डात, एस्तेर सिस्टरने सगळी नोकरी काढली. निवृत्तीपूर्वी काही वर्षं ती पातळ संवेदक मोजे घालून काम करत असे आणि तिच्या हातांची प्रत्येक हालचाल नोंदली जाई. त्या नोंदीवरून हे स्पर्शमोजे तयार झाले; मुलं त्यांनाच आजी म्हणत. ते घातले की बोटांना हलकी ओढ जाणवते: इथे दाब, इथे घास, याला हात लावू नकोस. घाई केली की कापड ताठ होतं. नळीच्या तोंडावरचा एखादा जंतू थेट रक्तात जातो, आणि औषधांनी प्रतिकारशक्ती गमावलेल्या मुलाला तेवढं पुरतं. नव्या नर्सना नियम पाठ असतात. पण भर दुपारी दोन-तीन मुलं एकदम रडायला लागली की पाठ केलेलं हातापर्यंत पोचत नाही. मोजे आल्यापासून नळीतून येणारा ताप वॉर्डात जवळपास दिसेनासा झाला होता.

मृत व्यक्तीच्या हातांची नोंद वापरायला वारसाची संमती लागे. ठरलेल्या मुदतीत ती मिळाली नाही तर मोजे बंद. हेमांगीने अजून होकार दिला नव्हता. 'आधी बघते,' एवढंच तिने कळवलं होतं.

तेजलने स्पिरिटच्या बोळ्याने नळीचं तोंड घासलं. पिळल्यासारखं, कडेकडेने, रेंगाळून. मग ती थांबली. स्पिरिट आपोआप सुकेपर्यंत थांबायचं असतं. तेवढ्यात तिचा उजवा अंगठा तर्जनीच्या मधल्या पेरावर गेला, हळूच वर सरकला, थबकला, खाली आला.

हेमांगीने दाराची चौकट धरली.

त्या पेरावर आईला कायमची भेग होती. दिवसभर हात धुऊन आणि स्पिरिटने पडलेली. संध्याकाळी आई घरी आली की आंघोळ होईपर्यंत तिला शिवायचं नाही, असा दंडक होता. हेमांगीला कांजिण्या झाल्या तेव्हा तर आई मावशीकडे राहायला गेली. वॉर्डात ते जंतू न्यायला नकोत म्हणून. सहा वर्षांच्या हेमांगीने तेव्हा त्या मुलांचा मनापासून राग केला होता, आणि ती मुलं आजारी आहेत हे कळायला लागल्यावरही तो पुरता गेला नाही. तिच्या वाटणीला एकच गोष्ट होती. जेवणं झाली की आई बोट पुढे करायची, आणि हेमांगी त्या भेगेवर कोकमतेल चोळायची. अंगठ्याने. वर, थबकून, खाली.

ईश्वरीचं औषध सुरू झाल्यावर हेमांगी मोज्यांचं काम पाहणाऱ्या सौमित्रकडे वळली.

"ते अंगठ्याचं काढून टाका. बाकीचं सगळं देते."

"कुठलं? अच्छा, ते." त्याने पडद्यावर शोधलं. "आमच्याकडे ती निरर्थक हालचाल म्हणूनच दिसते. काढायला हरकत नाही. पण का?"

"ते कामाचं नाही. ते माझं आहे."

तेजलने आपले हात पाहिले. "ताई, मला तर सवयच लागलीय त्याची. घरी मोजे नसतानाही करते. नवरा विचारतो, बोटाला काय झालंय."

ते ऐकून हेमांगीला बरं वाटलं नाही.

सौमित्रने ती हालचाल पुसलेली प्रत मोज्यांत भरली आणि सरावाची बाहुली पुढे ठेवली. तेजलने नळीचं तोंड घासलं. थांबली. कापड ताठ झालं होतं, पुढचं जोडू देत नव्हतं. हात मात्र रिकामा होता. तो जरा घुटमळला, आणि मग नळीच्या तोंडाशी वारा घालू लागला.

"सिस्टर, शेगडी आहे का ती?" पलंगावरून ईश्वरी हसली.

तेजलने हात झटकन मागे घेतला. तिचा चेहरा उतरला. "शिकताना याचसाठी बोलणी खायचे मी. वाऱ्याबरोबर हवेतलं सगळं परत तिथेच बसतं. सुकायची वाट बघवत नाही ना, ताई. हाताला काहीतरी लागतंच."

ईश्वरीच्या छातीवरची नळी श्वासाबरोबर वरखाली होत होती.

"मूळची प्रत परत भरा," हेमांगी म्हणाली. "आणि मला घालू द्या."

मोजे आतून उबदार होते, तेजलच्या हातांमुळे. हेमांगीने बाहुलीच्या नळीचं तोंड घासलं. ओढ जाणवत होती, आग्रह नसलेली. मग थांबण्याची वेळ आली, आणि तिचा अंगठा आपोआप पेरावर गेला. वर. थबकून. खाली. त्याला ओढीची गरजच नव्हती.

"आजी तुम्हाला ओळखतात?" ईश्वरीने विचारलं.

"बघू," हेमांगी म्हणाली.

तिने संमती दिली. पूर्ण नोंदीची, काहीही न वगळता. मत्सर होता तिथेच होता. तेजलला मोजे परत देताना तिने ते गरजेपेक्षा जरा जास्त वेळ धरून ठेवले.

जिना उतरताना मात्र ती मध्येच थांबली. पहिल्यांदा तेलाची बाटली उघडली ती संध्याकाळ तिला आठवत होती, आईचं बोट आठवत होतं, पण नेमकं तेवढंच आठवत नव्हतं. असं चोळ, म्हणून आईने वॉर्डातली सवय तिला दाखवली होती, की लेकीचा अंगठा आईने वॉर्डात नेला होता?