किटलीची कोंबडी

ती किटली आम्ही दोघांनी एकाच वेळी धरली. मी तोटीकडून, त्याने मुठीकडून.

"सोडा," मी म्हणाले.

"तुम्ही सोडा. वर्कशॉपवर सहा माणसं चहाची वाट पाहून राह्यली."

"मले कोंबडी करायची आहे."

त्याने आधी किटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "किटलीत?"

"किटलीत नाही... किटलीची!"

भंगारवाले मुख्तारभाई तराजूमागून खो-खो हसायला लागले. "दे दे भाई, धम्मरत्न. ये मॅडम ऐसीच है. मागच्या महिन्यात इस्त्रीचं कासव करून गेली."

धम्मरत्नने मूठ सोडली. उंच, सावळा, बाहीवर ठिणग्यांनी पडलेली बारीक बारीक भोकं. जाताना मात्र वळला. "कोंबडी झाली की दाखवा लागीन. नाहीतर किटली वापस."

मी कोकिळा. गाव फुलसावंगी, नोकरी यवतमाळच्या एका खाजगी शाळेत, पोरांना चित्रकला शिकवायची. भाड्याच्या खोलीत एक खाट, आणि उरलेल्या जागेत माझं जग. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या काड्यांचा उंट, बॉबिनच्या चाकांची बैलबंडी, आणि पेट्या... मिठाईच्या खोक्यांवर फुटक्या बांगड्या, तुरीचे दाणे, आईच्या जुन्या लुगड्याचे काठ चिकटवून केलेल्या पेट्या. लोक फेकतात ते मला फेकवत नाही.

आठवड्याने कोंबडी घेऊन मी शहराबाहेर लोहाऱ्याला त्याच्या वर्कशॉपवर गेले. दाखवायला नव्हे, भांडायला. सायकलच्या स्पोकचे पाय लावले होते, पण कोंबडी दर वेळी तोंडावर पडत होती.

त्याने तिला टेबलावर ठेवलं, वाकून पाहिलं. "ॲल्युमिनियम हाय, याले वेल्डिंग धरत नाही. रिव्हेट मारा लागते. अन् हिची शेपटी हलकी आहे. शेपटीत नटबोल्ट भरा."

"शेपटी जड कोंबडी कुठं पाह्यली तुम्ही?"

"तोंडावर पडणारी तरी कुठं पाह्यली?"

मला हसू आलं. त्यालाही. त्याने रिव्हेट मारले, मी शेपटीत नट भरले, आणि कोंबडी उभी राहिली... मान वाकडी करून, जणू आम्हा दोघांना काहीतरी विचारत होती.

मग थंडीभर दर शनिवारी मी लोहाऱ्याला. तो दरवाजे, खिडक्या, ग्रील बनवायचा. संध्याकाळी मशीन बंद झालं की माझ्या पेट्यांना इवल्या बिजागऱ्या. एवढ्या मोठ्या हातांनी एवढं नाजूक काम... मी कामाकडे कमी बघायचे आणि हातांकडे जास्त. त्याला ते समजायचं. समजून तो आणखी हळू काम करायचा!

फेब्रुवारीत बचत गटांचं प्रदर्शन भरलं. मला एक टेबल मिळालं. दुपारी अचानक अवकाळी पाऊस आला आणि माझ्या पुठ्ठ्याच्या पेट्या...! धम्मरत्न कुठून तरी ताडपत्री घेऊन धावत आला. दोन टोकं त्याने धरली, दोन मी. पेट्या कोरड्या राहिल्या, आम्ही चिंब.

"तुमचं नाव कोकिळा कोणी ठेवलं?" तो ओरडून म्हणाला. "आवाज तर टिटवीचा हाय!"

"टिटवीले लोक घाबरतात."

"मी नाही घाबरत. म्हणजे... घाबरतो. पण आवाजाले नाही."

"मग कायले?"

त्याच्या भुवईवरून पाण्याचा थेंब निघाला, गालावर आला, हनुवटीशी थांबला. ताडपत्री सोडून तो पुसावा असं मला इतकं वाटलं की मी दोन्ही मुठी घट्ट आवळल्या.

समोरच्या मांडवातून माझी आत्या आमच्याकडे पाहत होती.

पुढच्या रविवारी गावाहून फोन आला. पाहुणे येणार होते. मी कोंबडी सोबत घेऊन गेले. आईला दाखवायची होती. आईने ती बघितली, हसली, आणि कपाटावरच्या माझ्या जुन्या वस्तूंसोबत गोठ्यात कडब्याखाली लपवली. "आजचा दिवस राहू दे, बाई," ती म्हणाली.

मुलगा इंजिनीअर होता. त्याचे काका नानाजी हेच जास्त बोलत होते. पोहे झाले, चहा झाला. मग त्यांनी विचारलं, "पोरीले काय काय येते?"

मी उठले. गोठ्यात गेले. कोंबडी, लहानपणी केलेला एक उंट, दोन जुन्या पेट्या, सगळं पदरात घेऊन आले आणि पोह्यांच्या बशांमध्ये मांडलं. "हे येते."

मुलाने कोंबडी उचलली, उलटी करून पाहिली आणि खाली चपलांजवळ ठेवली. नानाजी समजुतीच्या सुरात म्हणाले, "लग्नाच्या आधी ठीक आहे. नंतर हे भंगार बंद करा लागीन."

मी कोंबडी उचलून छातीशी धरली. "नाही करणार."

पाहुणे गेले. माझे बाबा, रामराव, ओसरीत माझ्यासमोर येऊन उभे राहिले. आत्याने त्यांना सगळं सांगितलेलं होतंच.

"कोण आहे तो?"

"धम्मरत्न."

"पूर्ण नाव सांग."

"या नावातच तुम्हाले पायजे ते सगळं समजलं, बाबा. अजून काय पायजे?"

त्यांचा चेहरा लाकडासारखा झाला. "त्याच्यासंग लग्न करशीन तर या घरात तुले जागा नाही."

दाराआड आई रडत होती. मी माझ्या वस्तू एका जुन्या सतरंजीत बांधल्या, आईच्या पाया पडले आणि महागावला येऊन एसटी पकडली. डोळे आर्णीपर्यंत वाहत होते. पण बस माघारी फिरावी असं एकदाही वाटलं नाही.

यवतमाळला उतरून थेट लोहाऱ्याला गेले. धम्मरत्नचं ग्राइंडर चालू होतं. मला पाहून त्याने बटण बंद केलं.

"माझ्यासंग लग्न करशील?" मी विचारलं. पहिल्यांदाच त्याला 'तू' म्हणाले.

त्याने गॉगल काढला. डोळ्यांभोवती दोन गोल वळ उमटले होते. "कोकिळा... तुमच्या घरी—"

"सांगून आली."

"अन् गावात—"

"आतापर्यंत समजलं असंन. हो का नाही, तेवढं सांग."

"मले बोलू तर दे!" तो टेबलाच्या कडेला टेकला. "मी घाबरतो. माझ्यासाठी नाही. लोक तुले बोलतीन, तुझ्यावर हात उचलतीन, याले घाबरतो."

"माझ्या वाटचं मी घाबरीन. तू तुझं सांग."

तो खाली पाहत हसला. "त्या दिवशी सहा माणसं बिनचहाची राह्यली. मले शिव्या देऊन राह्यली... अन् मी एकटाच हसून राह्यलो होतो. मले तवाच समजलं होतं."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तू भांडणातून वेळ दिला तर ना!"

मी त्याच्या काळ्या झालेल्या हातात माझा हात ठेवला. त्याने हात पुसायला कापड शोधलं. मी शोधू दिलं नाही.

लग्न आम्ही लपून करणार नव्हतो. नोंदणी कार्यालयात अर्ज दिला. आमच्या नावांची नोटीस तीस दिवसांसाठी बोर्डावर लागली. आत्याने तिचा फोटो काढून अख्ख्या गावाला पाठवला. लोकांचे फोन आले, शिव्या आल्या. मी प्रत्येकाला एकच सांगितलं, "हो, तेच माझं नाव आहे. बरोबर वाचलं तुम्ही."

तेविसाव्या दिवशी एक कागद द्यायला आम्ही दोघं गेलो, तर आत बाबा बसलेले. पाठमोरे. समोर कारकून बाई. धम्मरत्नने मला दारातच थांबवलं.

"आक्षेप कशावर घेता, काका?" बाई विचारत होत्या. "मुलीचं वय कमी आहे?"

"नाही. सत्तावीस पूर्ण."

"दोघांपैकी कोणाचं आधी लग्न झालेलं?"

"नाही."

"जवळचं नातं?"

"नाही."

"मग मुलगी वेडसर आहे, तिला लग्नाची समज नाही, असं लिहायचं का?"

बाबांच्या हातातला पेन थांबला.

"कोण वेडसर?" त्यांचा आवाज चढला. "माझी पोरगी? आपल्या पायावर उभी आहे ते. चार पाहुण्यांपुढं माह्या तोंडावर खरं बोलली ते. येडी असती तर खोटं बोलली असती!"

बाबांनी पेनाला टोपण लावलं, कोरा कागद त्यांच्याकडे सरकवला आणि उठले. वळले तर समोर आम्ही.

त्यांनी धम्मरत्नकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. तो नजर न चुकवता उभा राहिला. "जय भीम, काका," तो म्हणाला.

बाबांनी त्याच्यावरची नजर काढली. माझ्याकडे पाहून म्हणाले, "लग्नाले मी येणार नाही."

"बरं," मी म्हणाले.

"आक्षेपही नाही." एवढं बोलून ते निघून गेले. पायऱ्या उतरताना त्यांनी कठड्याचा आधार घेतला; तसा आधार घेताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आम्ही कागद देऊन बाहेर आलो. व्हरांडा माणसांनी भरलेला. नोटिशीसमोर उभे असलेले दोघे-तिघे आमच्याकडे वळून बघायला लागले. मी धम्मरत्नचा हात धरला, बोटांत बोटं गुंतवून.

"लोक पाहून राह्यले, कोकिळा..."

"पाहू दे."

त्याने माझा हात आणखी घट्ट धरला, आणि आम्ही भिंतीच्या कडेने नाही, त्या गर्दीच्या मधोमध चालत बाहेर पडलो.