कानात सांगायचं राहिलेलं नाव

"मॅडम, निरंजन बोलेना."

विश्राम टिळेकर दारातूनच म्हणाला, आणि डॉ. सुमेधा पंडितराव यांच्या हातातला कप बशीवर जरा जोरातच टेकला. पुरंदरच्या पठारावरच्या अवकाश-संपर्क केंद्राच्या त्या प्रमुख. निरंजन हे गुरू ग्रहाकडे गेलेलं यान. त्यात एकच प्रवासी होता, शीतनिद्रेत ठेवलेला: अनंत गोसावी, सुमेधाताईंचा धाकटा भाऊ.

"बोलेना म्हणजे? बिघाड झालाय?"

"बिघाड नाही. मार्गबदलाचा आदेश पोचला. उत्तर आलं, 'ओळख नाही'. बस, एवढंच."

मार्ग बदलणं तर भागच होतं. यानाच्या वाटेत धुळीचा एक नवा पट्टा सापडला होता. दुपारनंतर यान गुरूच्या आड जाणार, मग संपर्क तुटणार. आणि पलीकडून बाहेर पडेल ते थेट त्या पट्ट्यात. अनंत झोपेतल्या झोपेतच... सुमेधाताईंनी तो विचार पुढे जाऊ दिला नाही.

"आज नवीन काय केलंस तू?"

विश्रामनं मान खाली घातली. "नावं बदलली."

केंद्रातल्या संगणकांची नावं अनंतनं ठेवली होती. वीणा, चिपळी, झांज, मृदंग. कीर्तनकाराचा मुलगा, त्याला दुसरं काय सुचणार! मुख्यालयाला ते पोरकट वाटे. सगळ्या केंद्रांत एकसारखी नावं हवीत असा हुकूम निघाला, सुमेधाताईंनी त्यावर सही केली, आणि विश्रामनं आज सकाळी एका आज्ञेत सगळी यंत्रं बदलून टाकली. निरंजनशी बोलणारी वीणा आता 'पुरंदर-एक' झाली होती.

"पण आपल्याकडे सगळं सुरळीत आहे हो," तो म्हणाला. "एकाही यंत्रानं कुरकुर केली नाही."

"कशी करतील? आपल्याकडे कुलनियंत्रक आहे." त्या उठून खिडकीशी गेल्या. "आपले संगणक म्हणजे एक कुळ. घरचं कोण, परकं कोण, हे कुलनियंत्रक ओळखतो. त्याचं आणि प्रत्येक यंत्राचं आपसात एक गुपित असतं, तो विश्वासबंध. नाव ही त्या बंधाची नुसती खूण. खूण बदलायची तर दोन्ही टोकांना बदलावी लागते. तुझ्या आज्ञेनं यंत्रानंही बदलली, नियंत्रकानंही बदलली, म्हणून बंध टिकला. निरंजन त्याच कुळातलं दूरचं घर आहे, विश्राम. त्याला कोणी कळवलं?"

"कुणीच नाही." तो घाईनं म्हणाला, "जुनी नावं परत देऊन टाकू? आत्ता करतो."

"आता ती चालायची नाहीत. त्याच्या हाकेला वीणा ओ देईना, तेव्हा ती नाहीशी झाली असं त्यानं धरलंय. नाहीशा झालेल्या नावानं पुन्हा दार वाजवणारा चोर समजावा, हा नियम आपणच घातलाय."

"मग नवं नावच त्याच्या गळी उतरवायचं. पण कसं?"

सुमेधाताईंना हसू आलं आणि डोळेही भरून आले. "बारसं करून."

विश्राम बघतच राहिला.

"अनंत निरंजनची यानबुद्धी घडवत होता तेव्हा म्हणायचा, अक्का, हे माझं लेकरू, तू त्याची आत्या. आत्यानं कानात कुर्र केल्याशिवाय नाव लागत नाही. मला वाटलं, थट्टा करतोय. पठ्ठ्यानं खरंच तसं बांधून ठेवलं. कुळात नवं नाव यायचं तर ते आत्याच्या तोंडून यायला हवं, कुर्रसकट."

"आणि मुख्यालयाच्या अहवालात काय लिहू? कुर्र?"

"ध्वनिसंकेत लिही. चल, ऊठ."

ध्वनिग्राहकासमोर बसून त्यांनी रीतसर सुरुवात केली. "मी डॉ. सुमेधा पंडितराव. वीणेचं नवं नाव पुरंदर-एक. कुर्र." विश्रामनं मागोमाग मार्गबदलाचा आदेश जोडला. निरोप जायला पाऊण तास, उत्तर यायला पाऊण तास. चहा आला, साय धरून तसाच राहिला.

पडद्यावर अक्षरं उमटली. 'आवाज आत्याचा. नाव आत्याचं नाही.'

"हे काय खूळ!" विश्राम ओरडलाच. "आवाज पटतो आणि नाव पटत नाही? मॅडम, आता एकच फेरी उरलीय."

सुमेधाताईंनी ती ओळ पुन्हा वाचली. त्यांना आपल्या लग्नातलं तांदळाचं ताट दिसत होतं. त्यात अंगठीनं 'सुमेधा' लिहिलं गेलं, पेढे वाटले गेले, आणि कुंदा गोसावी संपली. पुढे दाखले बदलले, पाट्या बदलल्या. मांडवाच्या खांबाला टेकून छोटा अनंत तेव्हा विचारत होता, "पण मग आमच्या अक्काचं नाव काय?" त्या गर्दीत त्याला कोण उत्तर देणार? तो आयुष्यभर अक्काच म्हणत आला, म्हणून ते कधी अडलं नाही. यानबुद्धीला मात्र त्यानं आत्याचं नाव सांगितलं ते त्याच्या लेखी खरं होतं तेच, कुंदा.

वडील, अण्णा, कीर्तनाच्या पूर्वरंगात गळा भरून सांगायचे, नाम घेणाऱ्याचं जेवढं, तेवढंच ऐकणाऱ्याचंही असतं बाबांनो. शेवटच्या रांगेत पेंगणाऱ्या कुंदाला ते देवाबद्दल आहे असं वाटायचं. होतंही. पण तेवढंच नव्हतं.

त्यांनी ध्वनिग्राहक अगदी ओठांशी ओढला, तान्ह्याच्या कानाशी वाकावं तसा.

"निरंजन, बाळा, मी कुंदा. तुझी आत्या. वीणेचं नवं नाव पुरंदर-एक. कुर्र." त्या थांबल्या. "आणि ऐक. आत्याचंही एक नवं नाव आहे रे. तुमच्या घरी सांगायचं राहूनच गेलं. सुमेधा. कुर्र."

विश्रामनं आदेश पुन्हा जोडला आणि निरोप सोडला. मग दोघं नुसती बसून राहिली. त्यानं नकळत हात जोडले होते.

उत्तर आलं तेव्हा यान गुरूच्या कडेला टेकलं होतं.

'ऐकलं, आत्या. मार्ग बदलला. बाबा झोपलेत, सुखरूप आहेत.'

विश्रामनं टेबलावर थाप मारली आणि तोंड फिरवून डोळे पुसले. तोवर खाली आणखी एक ओळ उमटली.

'सुमेधा हे नाव नोंदलं. जुनं नाव खोडू?'

आणि पडदा मुका झाला. यान आड गेलं होतं.

"नको म्हणून कळव," सुमेधाताई म्हणाल्या. "बाहेर आल्यावर आधी तेच ऐकू दे त्याला. दोन्ही राहू देत."

"मॅडम, एकाला दोन नावं आपल्या नियमात बसत नाहीत."

"मग नियम बदल," कुंदा म्हणाली. "पण या खेपेला दोन्ही टोकांना."